खिडकीला लावलेला डबा

आमच्या डब्यांच्या वहीत तीन रकाने होते. पहिल्यात घर, दुसऱ्यात 'डबा दिला', तिसऱ्यात 'चेहरा पाहिला'. पाच वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, मी त्या तिसऱ्या रकान्यात एक खोटी खूण केली. त्या खुणेमुळे एका बाईला आमचं स्वयंपाकघर सोडावं लागलं आणि स्वतःच्या गल्लीत मान खाली घालून राहावं लागलं. ती खूण खोटी होती हे तेव्हा एका माणसाला माहीत होतं, आणि तो मी.

मी दिग्रसच्या बसस्थानकावर नियंत्रक होतो. निवृत्तीनंतर दोन वर्षं घरी बसून काढली, मग सिस्टरनी मला कामाला लावलं. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. सारं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. नोकरीत त्यांनी घरं पायाखाली घातली होती, त्यामुळे कोण खाटेला लागलंय, कोणाच्यानं गॅससमोर उभं राहवत नाही, हे त्यांना पाठ होतं. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात मजुरांच्या जेवणाची खोली होती, ती मालकानं वापरायला दिली. सकाळी आठला तिथे स्वयंपाक सुरू व्हायचा, साडेअकराला डबे निघायचे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी वरण, भात, एखादी भाजी, ज्वारीची भाकरी. वाटणारे आम्ही पाच-सहा जण, सगळे साठीच्या पुढचे.

प्रत्येक घराचे दोन डबे. आज भरलेला द्यायचा, कालचा धुतलेला घेऊन यायचा. सिस्टरचा नियम एकच होता. डबा हातात द्यायचा, ओट्यावर ठेवायचा नाही, शेजारी ठेवायचा नाही. चेहरा बघायचा, दोन शब्द बोलायचे, मग खूण करायची.

"डबा तर कुत्रंही खाते," त्या म्हणायच्या. "मले माणूस पाह्यजे."

माझ्या वाटेवर सात घरं होती. सहावं घर एका म्हाताऱ्या बाईचं. मी तिला माय म्हणायचो. दोन्ही गुडघे गेलेले. घरातल्या घरात स्टूल पुढे ढकलत चालायची, उंबरा मात्र तिला ओलांडता येत नव्हता. एकटीच राहायची. पुसदला एक भाचा होता, वर्षातून एखादवेळा यायचा. तिची खाट खिडकीशी होती आणि माझ्या स्कुटीचा आवाज ती गल्लीच्या तोंडापासून ओळखायची.

"आली का मोटर?" आतून विचारायची. "आज लेट झाली."

"वेळेवर आहे माय. तुझं घड्याळ पुढं आहे."

"घड्याळ नाई, पोट. काल वरणात मीठच नोतं. मिठाले सुट्टी होती का?"

मग बसायला सांगायची. बसलं की अर्धा तास गेलाच. रोज तेच विचारणार. पुसदची दहाची गाडी चालू आहे ना? चालू आहे म्हटलं, की म्हणायची, "मंग त्याले याले काय होते?" मी अजून बसस्थानकावर आहे आणि तिच्या भाच्याला मीच गाडीत बसवणार आहे, अशा थाटात ती बोलायची. सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. नंतर कंटाळा येऊ लागला.

तिची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर अवलंबून आहे. तिनं डबा कधी रिकामा परत दिला नाही. कोणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे, पण तिच्या घरात द्यायला काही नव्हतं. तरी डबा धुऊन झाला की त्यात काहीतरी पडायचंच. तुरीचे पाच-सहा दाणे, चिमूटभर साखर, बहुतेक वेळा बडीशेप. सिस्टरनी समजावलं, मी समजावलं. ऐकलं नाही. रात्री डबा धुऊन, पिशवीत घालून ती खिडकीच्या गजाला निथळत लावायची, आणि सकाळी फळीवरून डबी काढून त्यात बडीशेप टाकायची. डब्यात बडीशेप खुळखुळायची. गल्लीच्या वळणावर थांबून मी ती तोंडात टाकायचो.

तिच्या शेजारी एक बाई राहत होती, तेव्हा पंचेचाळिशीची असेल. आमच्या स्वयंपाकघरातल्या भाकरी तिच्याच हातच्या. पातळ, कडेपर्यंत फुगलेल्या, थंड झाल्या तरी मोडत नसत. सकाळी निघताना ती मायच्या दाराची बाहेरची कडी काढायची, आतमध्ये पाणी भरून ठेवायची आणि दार लोटून घ्यायची. दुपारी स्वयंपाकघरातून सुटली की कोणाच्या तरी वावरात कापूस वेचायला जायची. संध्याकाळी आल्यावर मायला आवाज द्यायची आणि कडी लावायची, कारण दार नुसतं लोटलेलं असलं की शेळ्या आत शिरायच्या. हे ती वर्षानुवर्षं करत होती. कोणी सांगितलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात आमचा पत्त्यांचा अड्डा जमला होता. चार निवृत्त माणसं, दुपारी एकला रमी. उशीर झाला की माझी जागा दुसरा कोणी घ्यायचा. एवढंच कारण होतं. यापेक्षा मोठं कारण असतं तर मी ते सांगितलं असतं.

मायच्या घरी मी चोरासारखा जाऊ लागलो. गल्लीच्या तोंडाशीच स्कुटी बंद करायची, ढकलत न्यायची, खिडकीवरची पिशवी काढून भरलेल्या डब्याची पिशवी लावायची आणि निघायचं. दोनदा ती आतून बोलली, "कोन हाये?" मी "डबा लावला माय" म्हणून पुढे झालो. दोन्ही दिवशी वहीत खूण केली, चेहरा पाहिला म्हणून. आवाज ऐकला म्हणजे पाहिल्यासारखंच, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी खिडकीची एक झडप लागलेली होती, आतलं दिसत नव्हतं. मी कालची पिशवी काढली आणि आजची लावली. तेवढ्यात आतून आवाज आला. फरशीवर लोटा आपटल्यासारखा. तीन वेळा. मग थांबला. मग दोन वेळा, जरा हळू.

मला वाटलं, तिला माझी चाहूल लागली आणि ती मला बोलावते आहे. बसवून घेईल, पुसदची गाडी विचारेल. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पाय न वाजवता मागे सरलो. स्कुटी ढकलत वळणापर्यंत नेली आणि तिथे सुरू केली.

सुरू करण्याआधी, सवयीनं, मी डबा हलवला. तो खुळखुळला नाही. मी झाकण उघडलं. स्वच्छ धुतलेला, कोरडा डबा. आत काही नव्हतं.

इतक्या दिवसांत असं एकदाही झालं नव्हतं. मी त्या डब्याकडे किती वेळ पाहत होतो ते सांगता येणार नाही, पण पाहत होतो. मग झाकण लावलं. सातव्या घरी डबा दिला, वहीत सातही खुणा केल्या आणि एकच्या डावाला वेळेवर पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाईनं कडी काढली, तेव्हा माय फळीखाली जमिनीवर पडलेली होती. खुबा मोडलेला. बाजूला लोटा आणि सगळीकडे सांडलेली बडीशेप. शुद्ध जात-येत होती. ती कधी पडली ते तिला सांगता आलं नाही. यवतमाळला हलवलं. आठवड्यानंतर भाचा आला आणि तिला पुसदला घेऊन गेला. दीड महिन्यानं ती तिथेच वारली.

मायला पुसदला पोचवून भाचा तिचं सामान न्यायला परत आला, त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो. सिस्टरनी वही पुढे ओढली. भाचाही आला होता, दारात उभाच होता, बसला नाही.

"बारा वाजता चेहरा पाहिला म्हणून खूण आहे," सिस्टर मला म्हणाल्या. "कशी होती?"

"बरी होती," मी म्हणालो.

"मग डबा खिडकीला कसा राहिला? जेवली काहून नाही?"

इथे मी खरं बोललो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. मी म्हणालो, "मायच म्हणाली, आता भूक नाही, तिथंच लावून ठेवा, मग जेवते."

सगळ्यांच्या माना शेजारच्या बाईकडे वळल्या. दुपारी बरी होती, म्हणजे त्यानंतर पडली.

"संध्याकाळी तू आत गेली नाहीस?" सिस्टरनी विचारलं.

"दारातून आवाज देल्ला," ती म्हणाली. "माय, झोपली का, म्हनलं. आवाज नाई आला. सांजचीच झोपते ते. मी कडी लावली."

"पडलेल्या बुढीले कोंडून ठेवलं तुमी," भाचा म्हणाला.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी समोर बसलो होतो, तिच्यापासून चार हातांवर. माझ्या मांडीवर पिशव्या होत्या, त्यांच्या घड्या घालत होतो.

तिला कोणी जा म्हणालं नाही. ती दुसऱ्या दिवशी आलीच नाही. सिस्टर दोनदा तिच्या घरी गेल्या, तिनं दार उघडलं, पण येते म्हणाली नाही. गल्लीत तिला 'कडीवाली' म्हणू लागले. पोराचं लग्न जुळवताना तेच पुढे आलं असं मी ऐकलं. मी डबे वाटत राहिलो, मायच्या गल्लीत जायची वाट तेवढी बदलून घेतली. गुडघा दुखतो, तिकडे चढ आहे, असं सांगून.

तो चढ एवढा नव्हताच.

गेल्या वर्षी मला अर्धांगाचा झटका आला. डावा पाय गेला, हात थोडा वाचला. बायको आधीच गेलेली, मुलगा नागपूरला. आता मला आमच्याच स्वयंपाकघरातला डबा येतो, आणि तो घेऊन सिस्टर स्वतः येतात. डबा हातात देतात, माझ्याकडे नीट बघतात आणि माझ्यासमोर वहीत खूण करतात. तिसरा रकाना. रोज. मी खिडकीबाहेर बघतो.

एके दिवशी दुपारी खाटेवरून उठताना मी घसरलो. खाट आणि भिंतीच्या मधे अडकलो. आवाज काढायला गेलो तर नीट निघेना. हाताला स्टीलचा पेला लागला. मी तो फरशीवर आपटला. तीन वेळा. दम लागला. मग पुन्हा आपटला. खालच्या भाडेकरू बाई पाच मिनिटांत वर आल्या. पाचच मिनिटं. त्या वेळात मी जे ऐकलं ते त्या बाईंच्या पायांचा आवाज नव्हता. वळणावर सुरू झालेल्या स्कुटीचा होता.

त्या रात्री मी चिठ्ठी लिहिली. चेहरा पाहिला नव्हता. जेवणाचं ती काही बोलली नव्हती, ते मी रचलं. शेजारच्या बाईचा यात दोष नाही, माझा आहे. एवढं लिहून सही केली. सकाळी डबा धुतला, पुसला आणि चिठ्ठी घडी करून त्यात ठेवली. सिस्टरच्या हातात तो देताना वजन जाणवेल की काय असं वाटलं. कागदाचं कसलं वजन.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. डबा दिला, माझ्याकडे पाहिलं, खूण केली. मग म्हणाल्या, "स्वयंपाकघरात सगळ्यांना वाचून दाखवली. मग तिच्या घरी गेले."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, चिठ्ठी तिकडं वाचली. माझ्या गल्लीत कोण वाचणार?"

मी मांडीवरच्या डब्याचं झाकण काढत-लावत राहिलो.

"तुम्हांला ऑटोत बसवता येईल," सिस्टर म्हणाल्या. "विचार करू नका. विचार तुम्ही फार केला."

मी चिठ्ठीत दोन गोष्टी लिहिल्या नव्हत्या. रिकामा डबा आणि आतून आलेला आवाज. ऑटोत बसेपर्यंत मी ठरवत होतो की त्या सांगायच्या नाहीत. चेहरा पाहिला नाही, खोटं बोललो, एवढं कबूल केल्यावर तिचं नाव साफ होतंच होतं. मग आवाजाचं सांगून कोणाचं काय भलं होणार होतं?

मायचं घर बंद होतं, खिडकीला पत्रा ठोकलेला. तिच्याच ओट्यावर मला खुर्ची टाकून बसवलं. संध्याकाळची वेळ, लोक कामावरून परतत होते. सात-आठ जण जमले. शेजारची बाई आपल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पाच वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. मी बोलायला लागलो. झटक्यानंतर माझे शब्द ओढत येतात, त्यामुळे सगळं दोनदा सांगावं लागलं. चेहरा पाहिला नाही. जेवणाचं खोटं बोललो. ती दुपारी बरी होती असं मी म्हणालो, ते मला माहीतच नव्हतं.

"म्हंजे बुढी सकाळीच पडली असन," कोणीतरी म्हणालं.

"अन् आपन हिले बोलत होतो."

एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "जाऊ द्या आता. बिमार मानूस हाये."

मला वाटलं, संपलं. मी सिस्टरकडे पाहिलं, ऑटोवाल्याला बोलवा म्हणून. तेवढ्यात ती बाई चौकट सोडून पुढे आली.

"काकाजी, एक इचारू?"

"विचार."

"मी पुसदले गेलती. मायले भेटाले. ते मेली त्याच्या आठ दिवस आधी. माहा हात धरून ते म्हने, मी लोटा वाजवला वो, कोनीच नाई आलं." तिनं पत्रा ठोकलेल्या खिडकीकडे पाहिलं. "मले वाटलं, सांजच्या टाइमाले वाजवला. मी कडी लावत होती तवा. मले आयकूच नाई आला. तवापासून घरात रात्री भांडं पडलं तरी मी उठून बसते. मालक म्हनते, पागल झाली. तुमी त्या खिडकीपाशी उभे होते. तुमाले आयकू आला का?"

ती रागानं विचारत नव्हती. खरंच विचारत होती. मी नाही म्हणालो असतो तर तिनं ते मानलं असतं, आणि उरलेल्या आयुष्यात रात्री उठून बसत राहिली असती.

"आला," मी म्हणालो.

"कितीदा?"

"आधी तीन वेळा. मग दोन."

"अन् तुमी गेले."

"गेलो. मला वाटलं, गप्पा मारायला बोलावते. डबा पण रिकामा होता. बडीशेप नव्हती. वळणावर उघडून बघितला मी. समजलं होतं मला काहीतरी."

ती खाली बसली, तिथेच, रस्त्यावर, मी बसलो होतो त्या ओट्याच्या पायरीशी. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. सिस्टर तिच्याजवळ जाऊ लागल्या, तर तिनं हात वर करून थांबवलं. मग ती बोलली, पण माझ्याशी नाही.

"म्हंजे दुपारी वाजवला तिनं. मी तवा वावरात होती." मग पुन्हा, "वावरात होती मी."

उठून तिनं लुगडं झटकलं. माझ्याकडे पाहिलं. "तुमाले काई म्हनत नाई मी. तुमी बिमार आहात. पन माफबीफ मांगू नका."

"नाही मागत."

"सिस्टर, उद्यापासून येते मी भाकरीले. यांच्या डब्यात माही भाकर टाकू नका."

तिनं घरात जाऊन दार लावून घेतलं. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला, स्वयंपाकाचा. लोक आपापल्या घरी गेले. ऑटोत चढवताना दोघांनी मला काखेत हात घालून उचललं, त्यातल्या एकाच्या कपड्यांना कापूस चिकटलेला होता, तो माझ्या तोंडावर आला.

हे लिहायचं कारण असं की त्या संध्याकाळी गल्लीत सात-आठच माणसं होती. तिला पाच वर्षं बोलणारी याहून पुष्कळ होती. काही गाव सोडून गेली, काही दुसऱ्या मोहल्ल्यात आहेत, भाचा पुसदला आहे. त्यांच्या दारात मला जाता येणार नाही. जुनी वही सिस्टरकडून मागवली आणि ती खूण खोडून खाली सही केली, पण वही कोण उघडून बघणार?

ती रोज येते असं सिस्टर सांगतात. सगळ्यांच्या डब्यात तिची भाकरी असते. माझ्या डब्यात पोळी असते, दुसऱ्या कोणाच्या हातची, जरा जाड. मध्ये एकदा सिस्टरनी विचारलं की तिच्याशी बोलून बघू का. मी म्हणालो, नको, पोळीच असू द्या.